तुणतुणे : एका तारेचे वाद्य आणि रात्रभराचे जागरण

मराठी भाषेने एका वाद्यावर थोडा अन्यायच केला आहे. तीच ती तक्रार पुन्हा पुन्हा करणाऱ्याला 'तेच तुणतुणे वाजवतो' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. तुणतुणे एकाच स्वरात वाजते हे खरे. परंतु त्या एका स्वराच्या आधारावर गोंधळी, वाघ्ये, शाहीर आणि तमासगीर अशा चार प्रकारच्या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या रात्री जागवल्या, याचा मात्र वाक्प्रचार वापरणाऱ्याला विसर पडतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, विशेषतः बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत, खंडोबाचे जागरण आणि देवीचा गोंधळ हे विधी आजही लग्नघरांत होतात. तुणतुण्याचा अर्थ समजून घ्यायचा तर तो या विधींच्या संदर्भातच घ्यावा लागतो.

वाद्याची रचना अगदी साधी आहे. लाकडाचा पोकळ, नळकांड्यासारखा, साधारण वीतभर उंचीचा एक भांडेवजा भाग असतो. त्याचे एक तोंड बकऱ्याच्या पातळ कातड्याने मढवलेले असते आणि दुसरे उघडे असते. या भांड्याच्या बाजूला बांबूची किंवा लाकडाची काठी पक्की बसवलेली असून तिच्या वरच्या टोकाला एक खुंटी असते. कातड्याच्या मध्यभागी अडकवलेली पोलादी तार भांड्याच्या पोकळीतून वर निघून या खुंटीला गुंडाळलेली असते. खुंटी पिळली की तार ताणली जाते आणि गायकाच्या पट्टीला जुळवता येते. डाव्या हाताने वाद्य अंगाशी धरायचे आणि उजव्या हातातील लाकडाच्या लहानशा तुकड्याने तार छेडायची, एवढेच त्याचे तंत्र.

तंबोऱ्यात तार घोडीवरून जाते आणि घोडीवरील जवारीमुळे स्वराला गोलाई व लांबी येते. तुणतुण्यात घोडीच नाही. तार थेट कातड्यालाच ओढते, त्यामुळे तिचा स्वर क्षणात उमटतो आणि क्षणात विरतो. हे वैगुण्य नव्हे. स्वर लगेच विरतो म्हणूनच त्याच तारेवर लयही धरता येते. तंबोरा केवळ स्वर देतो, तुणतुणे स्वर आणि ठेका दोन्ही देते. उघड्यावर, मंडपात, दोन-तीन माणसांच्या ताफ्यात गाणाऱ्याला अशीच दुहेरी कामाची साथ हवी असते.

या विलक्षण रचनेमुळे वाद्यशास्त्रज्ञांचाही गोंधळ उडाला होता. एरिख फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट साक्स यांनी १९१४ मध्ये जगभरातील वाद्यांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात कातड्याला तार जोडलेली भारतीय वाद्ये तंतुवाद्यांत न घालता 'छेडून वाजवण्याचे ढोल' म्हणून चर्मवाद्यांत घातली होती. मूळ कंपन तारेचे, कातडे ते केवळ मोठे करते, असा आक्षेप पुढील अभ्यासकांनी घेतला. गावाकडच्या वाजवणाऱ्याला अर्थात हा प्रश्न कधी पडला नाही. पावसाळी हवेत कातडे सैल पडले की स्वर उतरतो आणि खुंटी पुन्हा पिळावी लागते. म्हणजे या वाद्यात कातडे आणि तार एकमेकांपासून वेगळी नाहीत, हे तो अनुभवाने जाणतो.

तुणतुण्याचे एक जवळचे भावंड म्हणजे चौंडके. रचना तशीच; पण त्याला काठी व खुंटी नसते. भांडे काखेत दाबून तारेचे दुसरे टोक हाताने ओढायचे, कमीजास्त ताण देत स्वर वरखाली करायचा, असे त्याचे वादन आहे. चौंडके हे यल्लम्मादेवीच्या जोगते-जोगतिणींचे आणि तुळजाभवानीच्या आराध्यांचे वाद्य. राजन गवस यांची 'चौंडकं' ही कादंबरी त्याच्याच नावाची आहे आणि गवस यांच्या लेखनावर आधारलेल्या 'जोगवा' (२००९) या चित्रपटाने हे वाद्य शहरी प्रेक्षकांपर्यंत नेले. तुणतुण्याच्या वाट्याला मात्र ना कादंबरी आली ना चित्रपट. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'त एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. तुणतुण्याचे मूळ तिच्यात शोधण्याचा मोह होणे साहजिक असले, तरी तारेची संख्या सोडल्यास दोहोंच्या घडणीत फारसे साम्य नाही. नृत्याची परंपरा मात्र जुनी आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथातील 'गोंडली' नृत्याशी आजच्या गोंधळाचा संबंध अभ्यासक जोडतात.

कऱ्हेकाठचा मुलूख

बारामती-इंदापूर हा भाग या परंपरेचा मोठा पाईक असण्यामागे भूगोल आहे. सोमवती अमावास्येला जेजुरीचा खंडोबा पालखीतून ज्या कऱ्हा नदीवर स्नानाला जातो, तीच कऱ्हा पुढे मोरगाव आणि बारामतीवरून वाहत जाऊन सोनगावजवळ नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे भीमेत विलीन होते. जेजुरी आहे पुरंदर तालुक्यात. परंतु बारामतीच्या जिरायती पट्ट्यातील सुपे, मोरगाव परिसरातील लोकांना ती आपल्या घरचीच वाटते. या दोन्ही तालुक्यांत धनगर समाज मोठ्या संख्येने आहे. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगरांची लेक असल्याने देवाशी या समाजाचे नाते जावयाचे आहे आणि जागरणातील गाण्यांतही ते थट्टामस्करीसह उतरते. लिंगायत वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई यांच्यातील सवतीमत्सराचे संवाद हा जागरणातील सर्वांत लोकप्रिय भाग असतो, तो काही उगाच नाही. देवाच्या दोन बायकांच्या रूपाने दोन जातींचे, दोन जीवनपद्धतींचे भांडण आणि मनोमीलन श्रोत्यांसमोर होत असते.

धनगरांचे स्वतःचे नृत्य म्हणजे गजी. पांढरे धोतर, अंगरखा, फेटा आणि हातात रंगीत रुमाल घेतलेले पुरुष गोल धरून ढोल व कैताळाच्या ठेक्यावर नाचतात. ओव्यांची सुरुवात 'सुंबरान' मांडून होते. गजीत तंतुवाद्य नाही. एकाच गावातील एकाच समाजाच्या दोन प्रसंगी अशी दोन वेगळी संगीतरूपे ऐकू येतात, ही या भागाची खासियत आहे. बिरोबाच्या यात्रेत मोकळ्या रानात ढोल वाजतो, तर लग्नानंतर घराच्या अंगणात खंडोबाच्या नावाने तुणतुणे वाजते. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी याच दोन तालुक्यांतून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडी आणि इंदापूर येथे गोल रिंगण होते. मात्र दिंडीत मान असतो तो गळ्यात वीणा घेतलेल्या विणेकऱ्याचा. तुणतुणे वारीच्या मुख्य प्रवाहात कधी गेले नाही. ते कुळाचाराचे वाद्य राहिले.

जागरणाची रात्र

जागरण बहुधा लग्नानंतर किंवा नवस फेडण्यासाठी घातले जाते. अंगणात पाच उसांचा मांडव उभारतात. ऊस नसेल तेथे ज्वारीची ताटे लावतात. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले आणि त्यामागून साखर कारखाने आले, तेव्हापासून बागायती गावांत मांडवाच्या उसाची वाण पडत नाही. मांडवाखाली धान्याचा चौक भरून त्यावर कलश आणि देवाचे टाक मांडतात. भंडारा, खोबरे, विड्याची पाने, सुपाऱ्या यांची तयारी होते. दिवटी पेटवून बुधलीतील तेल तिच्यावर घालत राहतात. ताटात खोबरे व भंडारा घेऊन पाच जणांनी ते 'येळकोट येळकोट जय मल्हार' असा गजर करत उचलायचे, यास तळी भरणे म्हणतात.

त्यानंतर वाघ्या-मुरळीचा खेळ सुरू होतो. मुख्य वाघ्याच्या हातात दिमडी, दुसऱ्याच्या हातात तुणतुणे आणि मुरळीच्या हातात घोळ, म्हणजे घंटी. प्रथम गण होतो, मग गावोगावच्या देवतांना जागरणाला येण्याचे आवतन दिले जाते. ही नामावळी लांबलचक असते आणि कसलेला वाघ्या त्यात यजमानाच्या गावच्या ग्रामदैवताचे नाव न चुकता गुंफतो. त्यानंतर कथा, पदे, वाघ्याचे प्रश्न, मुरळीची उत्तरे, मध्येच विनोद असा क्रम पहाटेपर्यंत चालतो.

मुरळीचे नृत्य घोळाच्या नादावर बांधलेले आहे. नऊवारी लुगड्याचा पदर खोचून ती झुकत, गिरक्या घेत, मांडवासमोर पुढेमागे होत नाचते आणि गाण्याच्या समेवर घंटीचा झटका देते. दिमडी तिला गती देते. तुणतुणे गाण्याला जमिनीशी बांधून ठेवते. तुणतुणेवाला मागे उभा राहतो, पण तो नुसता उभा नसतो. मुख्य गायकाची ओळ संपली की झील त्यानेच ओढायची, हुंकार भरायचा, भोळेपणाचा आव आणून प्रश्न विचारायचे आणि पायांनी लयही धरायची. चीनच्या युन्नान प्रांतातील यी समाजातही असेच दृश्य दिसते. तेथे चंद्रासारखे गोल खोके असलेले 'युएछिन' हे तंतुवाद्य छेडणारा स्वतः नाचणाऱ्यांतच सामील असतो. वादक बाजूला आणि नर्तक मध्ये ही विभागणी शहरी रंगमंचाची आहे; अंगणाला ती ठाऊक नाही.

देवीच्या गोंधळात हीच भूमिका संबळाच्या जोडीला येते. पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ आणि डोक्यास पगडी अशा वेषातील गोंधळी नायक आख्यान लावतो, संबळवाला ठेका देतो आणि तुणतुण्यावरचा साथीदार स्वर धरून संवादाला खतपाणी घालतो. गोंधळ्यांत रेणुराई व कदमराई असे दोन भेद आहेत; पहिल्यांची निष्ठा माहूरच्या रेणुकेकडे, तर दुसऱ्यांची तुळजापूरच्या भवानीकडे. या भागात अलीकडे दोन्ही विधी एकाच रात्री उरकण्याची पद्धत रूढ झाल्याने 'जागरण-गोंधळ' असा जोडशब्दच प्रचारात आला आहे. पहाटे वाघ्या लोखंडी साखळी हिसक्याने तोडतो. याला लंगर तोडणे म्हणतात. त्यानंतर आरती होऊन विधी संपतो.

मुरळीचा प्रश्न

या परंपरेचे वर्णन करताना तिची काळी बाजू झाकून चालणार नाही. मुरळी ही मुळात नवसापोटी खंडोबाला वाहिलेली मुलगी. देवाशी लग्न लावल्यावर तिला संसार करण्याचा अधिकार उरत नसे आणि बहुतेक मुली दलित व गरीब कुटुंबांतील असल्याने त्यांच्या वाट्याला शोषणच येई. वाघ्यालाही नवसाने वाहिले जात असे. परंतु घरी राहून संसार सांभाळणारा 'घरवाघ्या' आणि भिक्षेवर जगणारा 'दारवाघ्या' असे दोन मार्ग पुरुषाला मोकळे होते. मुरळीला तसा पर्याय नव्हता.

याविरुद्धचा आवाज बाहेरून नव्हे, पुण्यातूनच उठला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र' या पत्रातून मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लेखन केले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही त्याच सुमारास हा प्रश्न हाती घेतला. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये देवदासी प्रथेच्या उच्चाटनासाठी स्वतंत्र कायदा केला. मुलगी देवाला वाहणे आज गुन्हा आहे. जागरण पार्ट्यांत मुरळीची भूमिका करणाऱ्या स्त्रिया आता मानधन घेणाऱ्या व्यावसायिक कलावंत असतात. प्रथा मोडल्याने कला मोडेल ही भीती निराधार होती, एवढे तरी यातून दिसून आले. कलावतीला नाचल्यानंतर स्वतःच्या घरी परतता येते, हा बदल कोणत्याही वाद्याच्या जतनापेक्षा मोलाचा म्हटला पाहिजे.

अभ्यासकांचे या विषयाकडे लक्ष स्वातंत्र्योत्तर काळात गेले. रा. चिं. ढेरे यांचे 'खंडोबा' हे पुस्तक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. वाघ्या, मुरळी, गोंधळी यांच्याविषयीही त्यांनी विस्ताराने लिहिले. जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर (१९३४-१९९२) यांनी धनगरांसोबत रानोमाळ फिरून बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांचा अभ्यास केला आणि तो ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत प्रकाशित केला. योगायोग असा की, अरुण कोलटकर यांचा 'जेजुरी' हा इंग्रजी काव्यसंग्रहही १९७६ मधलाच. त्यात वाघ्या आणि मुरळी यांच्यासाठी लिहिलेली स्वतंत्र गाणी आहेत.

पंतांची बारामती आणि फडाचे तुणतुणे

विधीबाहेर तुणतुण्याचा मोठा संसार झाला तो पोवाडा आणि तमाशात. शाहिराच्या डफाला तुणतुण्याची जोड अनिवार्य मानली गेली. तमाशाच्या फडात ढोलकी, हलगी, कडे आणि झांज यांच्या गलबल्यात 'सुरत्या'ने सूर धरून ठेवायचा, असे कामच वाटून दिलेले असे. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकानेही हीच साथ गिरणगावच्या चाळींत नेली.

बारामतीशी या इतिहासाचा एक जुना धागा जोडलेला आहे. मोरोपंत (१७२९-१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे राहिले. सोलापूरचा शाहीर राम जोशी तमाशाचा फड गाजवत असताना पंतांची व त्याची गाठ पडली, पंतांनी त्याच्या प्रतिभेचे कौतुक करून तिला भक्तीकडे वळण्याचा सल्ला दिला आणि राम जोशी कीर्तनकार झाला, अशी आख्यायिका आहे. व्ही. शांताराम यांच्या राजकमलच्या 'लोकशाहीर राम जोशी' (१९४७) या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. आख्यायिकेचा रोख स्पष्ट आहे : डफ-तुणतुण्याची संगत सोडून टाळ-वीणा धरणे म्हणजे उद्धार. ही उतरंड अभिजनांनी रचलेली होती. पंतांच्या आर्या कीर्तनातून लोकप्रिय करण्यात राम जोशीचा वाटा मोठा होता, आणि त्याची लयीची समज फडात घडली होती, हेही तितकेच खरे आहे.

आजची स्थिती

गेल्या दोन दशकांत खंडोबाच्या गाण्यांना मोठे व्यासपीठ मिळाले. 'अगं बाई अरेच्चा!' (२००४) या चित्रपटातील 'मल्हारवारी' गाजली. २०१४ ते २०१७ या काळात 'जय मल्हार' या दूरचित्रवाणी मालिकेने म्हाळसा-बाणाईची कथा शहरांतील घरांत नेली. जागरण पार्ट्यांना मागणी वाढली, कार्यक्रमांची ध्वनिचित्रमुद्रणे मोबाइलवर फिरू लागली. विरोधाभास असा की, जागरण वाढले तसे तुणतुणे मागे पडत गेले. ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर त्याचा बारीक आवाज टिकत नाही. सूर धरण्याचे काम कीबोर्ड करतो, ठेक्याचे काम इलेक्ट्रॉनिक पॅड करतो. तुणतुणे अनेक ठिकाणी केवळ हातात धरण्यापुरते, वेषाचा भाग म्हणून उरले आहे.

यात नुकसान केवळ एका आवाजाचे नाही. ताफ्यात नव्याने आलेल्या मुलाच्या हाती बहुधा प्रथम तुणतुणेच दिले जाई. एक तार छेडत मागे उभे राहायचे, झील धरायची, ऐकता ऐकता पदे पाठ करायची, संवादाची वेळ ओळखायची आणि काही वर्षांनी पुढे येऊन दिमडी किंवा संबळ घ्यायचा. ही या परंपरेची पाठशाळा होती. तिला इमारत नव्हती, पाठ्यपुस्तक नव्हते. कीबोर्डवाला बाहेरून ठरवून आणता येतो. तो सूर देतो, पण पुढचा वाघ्या त्याच्यातून तयार होत नाही. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या संस्थांतून आता या कलाप्रकारांचे रीतसर शिक्षण दिले जाते. तेथे तांत्रिक अंग नक्कीच शिकता येते. यजमानाच्या कुळाची, गावाच्या देवांची नावे आवतनात कशी गुंफावी, हे अंगणातच कळते.

वाद्य तयार करणाऱ्यांची बाजूही दुबळी आहे. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, कारण तेथे कारागिरांची सलग घराणी आहेत. तुणतुण्याला असे घराणे नाही. वाजवणाराच अनेकदा लाकूड, काठी आणि तार जमवून ते बांधतो. त्यामुळे कोणत्याही दोन तुणतुण्यांचा स्वर अगदी सारखा नसतो. राज्य शासनाच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीच्या योजनेतील मानधन २०२४ मध्ये दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. गोंधळी समाज भटक्या जमातींत मोडतो. गावोगाव फिरून आयुष्य काढलेल्या वृद्ध कलावंतांना अशा योजनांसाठी कलासेवेचे व वास्तव्याचे पुरावे गोळा करणे सोपे जात नाही.

ध्वनिवर्धकाशिवायचे तुणतुणे ऐकण्याची इच्छा असणाऱ्यांनी मार्गशीर्षातील शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंतचे सहा दिवस, किंवा सोमवती अमावास्येचा दिवस निवडावा. जेजुरीच्या पायऱ्यांवर त्या वेळी वाघ्ये बसलेले असतात. भाविकाने चार नाणी टाकून पद म्हणावयास सांगितले की वाघ्या आधी खुंटीला हात घालतो, कातड्याजवळ कान नेऊन तार दोनदा छेडून पाहतो आणि मगच तोंड उघडतो.